नाव घेताना

पत्रांचा गठ्ठा हातात आला की मी तो आधी रस्त्याप्रमाणे लावते. नांदेडहून हिंगोलीकडे निघालेल्या एस.टी.त बसावं तसा. अर्धापूरकडची कार्डं वर, मग डोंगरकडा, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी, आणि तळाशी हिंगोली नि तिच्या आसपासची गावं. वसमत-कुरुंद्याची चळत वेगळी, हदगाव-किनवटची वेगळी. हे मला कुणी शिकवलेलं नाही. नावं अशी ओळीनं आली की ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज आपल्या दिशेनं येतोय. वारंगा झालं, आता पुढं आपलंच. ज्यानं कार्ड टाकलेलंच नाही तोसुद्धा मग हातातलं काम जरा हळू करतो.

आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून मला वीस वर्षं होऊन गेली. नैमित्तिक म्हणजे महिन्याकाठी फार तर सहा ड्युट्या. उरलेले दिवस घर, शेत आणि मुलांच्या शिकवण्या. गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी. जिल्हा मात्र मी पोटापाण्याला लागण्याआधीच बदलला. लहानपणी पत्त्यावर ‘जिल्हा परभणी’ लिहायचो, १ मे १९९९ला हिंगोली वेगळा झाला आणि शेवटचा शब्द बदलला. आमच्या फर्माईशीच्या कार्यक्रमाला पत्र लिहिणारी म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं परभणीच लिहीत होती. पत्र पोचायचं.

एक गोष्ट आधीच सांगते. हा सगळा लेख नावांबद्दल आहे आणि यात एकाही श्रोत्याचं नाव नाही. त्यांनी नाव घ्यायला सांगितलं होतं ते हवेत. कागदावर घ्यायला मी त्यांना विचारलेलं नाही.

आमच्या घरी रेडिओ होता तो गोठ्यातल्या मेढीच्या खिळ्याला. बाबा रात्री केळीला पाणी द्यायला निघाले की तो काढून सोबत न्यायचे. लाईट रात्रीची असायची, मोटार चालू झाली की दारं मोडत पहाट व्हायची. रेडिओ बांधावर ठेवायचा. एकतर आवाजानं रानडुकरं लांब राहतात, आणि दुसरं म्हणजे सोबत होते. सेल उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची. दोन दिवस आणखी निघायचे. तेव्हा आम्हाला लागायचं ते परभणी, मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ. दिवसा स्वच्छ, रात्री लांबलांबची केंद्रं अंगावर यायची, मधूनच तेलुगू ऐकू यायचं, आणि तरी बाबा बोटाच्या अंदाजानं परभणी पकडून ठेवायचे. नांदेडचं एफ.एम. केंद्र आलं, १०१.१ मेगाहर्ट्झ, तेव्हा आवाज काचेसारखा झाला, पण एफ.एम.च्या लहरी सरळ जातात, टेकाड आडवं आलं की खरखर. आमच्या गावाच्या नावातच डोंगर आहे. कोणत्या बांधावर रेडिओ धरतो नि कोणत्या बांधावर नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ झालं.

मी एकदा बाबांसोबत रानात थांबले होते. दहा-अकराचा सुमार. शेवटची सभा, म्हणजे रात्रीचं प्रसारण, संपत आली होती. रेडिओवाल्या बाईंनी दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांची माहिती दिली आणि म्हणाल्या, “शुभरात्री.” बाबा दारं मोडता मोडता, मान वर न करता म्हणाले, “बरं माय.”

मी हसले नाही. मला ते साधंच वाटलं. कुणी निरोप घेतला तर उत्तर द्यायला नको का?

पुढं मी स्वतः माईकसमोर बसले तेव्हा हे ‘बरं माय’ माझ्यासोबत आलं. शेवटच्या सभेत मी शुभरात्री म्हणते आणि तेवढीच जागा सोडते, दोन शब्दांपुरती. त्यानंतर माईकचा फेडर खाली. स्टुडिओत रिकामी हवा म्हणजे दोष. चार-पाच सेकंद काही ऐकू आलं नाही तर ड्युटी रूममधून फोन येतो, काय झालं म्हणून. माझी जागा त्याच्या आतली असते. ती कुणाच्या लक्षात येत नसेल. पण आवाजाचं काम करणाऱ्या माणसानं ऐकणाऱ्याच्या बोलण्याला जागा ठेवली पाहिजे, असं मला वाटतं. नवीन मुलं-मुली आवाजाच्या चाचणीला येतात, उच्चार सुंदर, श्वास उत्तम, उच्चारांचं ‘वाणी’ प्रशिक्षण मन लावून करतात, आणि माईक चालू झाला की एकही फट न ठेवता बोलतात. ऐकणाऱ्यानं मग ‘हं’ कुठं म्हणायचं?

आपल्या भाषेत नाव घेणं ही साधी गोष्ट नाही. नाव काढलं म्हणजे कीर्ती झाली, नाव ठेवलं म्हणजे एकतर बारसं झालं नाहीतर निंदा. आणि ‘नाव घे’ म्हटलं की लग्नघरातल्या बायका गोळा होतात. नवरी लाजत, यमक जुळवत नवऱ्याचं नाव घेते. माझ्या आजीनं जन्मभरात आजोबांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. तिचं नाव तर कुणी उखाण्यातही घेतलं नाही. ती कुणाची तरी सून होती, मग कुणाची तरी माय झाली, मग आजी. मतदार यादीत तिचं नाव होतं, एवढंच.

म्हणून फर्माईशीच्या कार्यक्रमात मला एक गोष्ट फार लवकर दिसली. गाणं हे निमित्त असतं. ज्या गाण्याची फर्माईश येते ते गाणं त्या माणसाकडे बहुतेक वेळा असतंच. आधी कॅसेटवर होतं, आता मोबाईलमध्ये आहे. त्याला हवं असतं ते गाण्याच्या आधीचं. पन्नास पैशांच्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात गाण्याचं नाव एका ओळीत, आणि खाली सगळी जागा नावांनी भरलेली. आजोबा, आजी, काका, काकू, मग पोरांची घरातली नावं, मग मित्रमंडळ, मग श्रोता संघाचा शिक्का. एक कार्ड आलं होतं, त्यात शेवटी दोन बैलांची नावं होती. मी तीही घेतली. बैल काही कमी ऐकत नाहीत, पहाटेपासून रेडिओजवळच बांधलेले असतात.

आणि एक कार्ड असं आलं की त्यावर एकच नाव. बाईचं. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. अक्षर चौथी-पाचवीतल्या पोराचं, शाईच्या पेनानं गिरवल्यासारखं. खाली लिहिलेलं होतं की आई म्हणते, एकटं आईचंच नाव घ्या, दुसऱ्या कुणाचं त्यात मिसळू नका. मी ते कार्ड ड्युटी रूममध्ये तीनदा वाचलं. त्या दिवशी माझ्याकडे त्या गाण्यासाठी सात कार्डं होती. नियमाप्रमाणे सगळी नावं एकत्र घेऊन एकदाच गाणं लावायचं. मी बाकीची सहा दुसऱ्या गाण्यांना वाटून दिली. मग फेडर वर केला, गावाचं नाव घेतलं, आणि नंतर तेवढं एक नाव. थांबले. गाणं सुरू केलं.

त्या बाईचं पुन्हा कार्ड आलं नाही. मी बरेच दिवस ते अक्षर शोधत होते.

या कामात नाव चुकणं ही सगळ्यात वाईट चूक. आमच्या जिल्ह्यात दोन जवळे आहेत. जवळा पांचाळ कळमनुरी तालुक्यात आणि जवळा बाजार औंढ्याकडं. सुरुवातीच्या वर्षात मी घाईत नुसतं ‘जवळा’ म्हणून एका घरातल्या बारशाची नावं घेतली. आठवड्यानं एक आजोबा केंद्राच्या फाटकाशी उभे. त्यांना राग आलेला नव्हता. ते एवढंच म्हणाले, “बाई, आमच्या पोराचं बारसं त्या जवळ्याला गेलं की ओ.” तेव्हापासून मी गावाचं पूर्ण नाव घेते. बाळापूर नाही, आखाडा बाळापूर. नुसतं बाळापूर अकोल्याकडंही आहे. गावाचं नाव गावकरी म्हणतात तसंच घ्यायचं, पाटीवर लिहिलंय तसं नाही, हेही हळूहळू कळलं. त्यासाठी मी एस.टी.त कंडक्टरच्या मागच्या बाकावर बसायचे. कंडक्टर थांब्याचं नाव जसं पुकारतो तो माझ्यासाठी प्रमाण उच्चार.

एका छोट्या गावाचं नाव रेडिओवरून किती लांब जाऊ शकतं याचं उदाहरण सगळ्या देशाला माहीत आहे. झारखंडमधलं झुमरी तलैया. अभ्रकाच्या खाणींचं गाव, पण देशानं ते ओळखलं फर्माईशीच्या पत्रांमुळं. तिथल्या लोकांनी रेडिओ सिलोनला आणि विविध भारतीला इतकी पत्रं लिहिली की गावाचं नाव हीच एक ओळख झाली. सिलोनवर १९५२पासून ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा आमच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, “त्यांनी ‘बहनों’ आधी म्हटलं आणि ‘भाइयों’ मागनं. तू लक्षात ठेव.” गुरुजींचं निरीक्षण मला तोवर सुचलेलं नव्हतं. तेव्हाच्या सभेत, भाषणात, वर्गात बायका मागं बसलेल्या असायच्या. रेडिओत त्यांचा नंबर पहिला लागला.

पण नाव घेऊन भागत नाही, उत्तरही द्यावं लागतं. हे मराठी मुलखात फार आधी करून पाहिलेलं आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं उभी केली होती. गावातली वीसेक माणसं एकत्र बसायची, शेतीचा-गावाचा कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर बोलायची. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. असे वीस कार्यक्रम झाले. मला त्यातली शेतीची माहिती तितकी मोठी वाटत नाही, ती पुस्तकातही मिळाली असती. मोठं हे की परवा आपण विचारलेलं आज रेडिओ बोलतोय, हे गावानं कानांनी ऐकलं. एकदा तसं ऐकलेलं गाव पुन्हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

२००४ला ‘किसानवाणी’ सुरू झालं आणि आमच्याकडेही संध्याकाळची वेळ शेतकऱ्यांची झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ यायचे, हळदीवरचा करपा, केळीवरचा रोग, कापसावरची बोंडअळी. तज्ज्ञ बोलायचे ते ‘प्रादुर्भाव’, ‘व्यवस्थापन’ असं. मी मधे मधे विचारायचे, “म्हणजे साहेब, पान कडेनं पिवळं पडलं की आधी काय करायचं?” मला ते माहीत असायचं. पण बांधावर बसलेल्याला ते विचारता येत नव्हतं, म्हणून त्याच्या वतीनं मी.

हवामानाचा अंदाज मी वर्षानुवर्षं वाचला. ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी.’ एकदा थेट प्रसारणात फोन आला. आधी नेहमीप्रमाणं घूं असा आवाज. लोक फोन लावतात आणि घरातला रेडिओ चालूच ठेवतात, मग माझाच आवाज फिरून माझ्याकडं येतो. मी म्हटलं, दादा, आधी रेडिओ बारीक करा. त्यांनी पोराला ओरडून सांगितलं. मग विचारलं, “ताई, ते तुरळक ठिकाणी म्हन्ता ना, त्यात आमचं गाव येतं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवामान खात्याची भाषा जिल्ह्याची असते, माणसाचं रान दोन एकराचं असतं. मी त्यांना तेच सांगितलं, की मला जिल्ह्याचं कळतं, तुमच्या रानाचं कळत नाही. आणि विचारलं, तुमच्याकडं आत्ता आभाळ कसं आहे? ते फोन घेऊन अंगणात गेले. पूर्वेकडं काळं आहे, वारा पडलाय, मुंग्या अंडी घेऊन चालल्यात असं सांगितलं. मग मी म्हटलं, श्रोतेहो, आत्ता आपल्याला आभाळाची खबर मिळाली. त्यानंतर पावसाळ्यात लोक फोन लावून गाण्याच्या आधी आपापल्या गावचं आभाळ सांगायला लागले. अंदाजापेक्षा ते मला खरं वाटायचं.

बाजारभाव वाचताना मात्र मी एकदा चुकले. हिंगोली-वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव उतरला होता. आमच्या स्वतःच्या घरात हळद पडून होती. मी आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी गावातला एक चुलता म्हणाला, “काल तुझा आवाज पडला ना, तवाच कळलं. आकडा नंतर ऐकला.” त्याला ते बरं वाटलं होतं, आपलं दुःख वाचणाऱ्या पोरीलाही झालं म्हणून. मला बरं वाटलं नाही. ज्याच्या घरी त्या दिवशी आधीच जड झालेलं असेल त्याला माझ्या पडलेल्या आवाजाचा उपयोग काय? तेव्हापासून आकडा स्वच्छ, दोनदा, एकाच सुरात.

बोलीचा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. माईकवर मी प्रमाण मराठी बोलते. ते कामच आहे आणि मला ती भाषा आवडते. पण पत्रं येतात ती ‘आमी रोज ऐकायलोत’, ‘काहून आमचं नाव घेत न्हाईत’ अशी. पहिली काही वर्षं मी ती वाचताना सुधारून घ्यायचे. मग मी संघम रेडिओबद्दल वाचलं. आमच्या मराठवाड्याच्या सीमेपलीकडं, जहीराबादजवळ, २००८ साली सुरू झालेलं, दलित बायकांनी चालवलेलं ते केंद्र. त्या आपल्या रोजच्या तेलुगूतच बोलतात. त्याच वर्षी साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झालं, तिथंही माणदेशातल्या बायका माणदेशी बोलतात. मी तेव्हा ठरवलं, माझं बोलणं माझं, त्यांचं पत्र त्यांचं. तेव्हापासून पत्र जसं लिहिलंय तसं वाचते. ‘काहून’ला ‘का’ करत नाही. पहिल्यांदा तसं वाचलं त्या दिवशी माझ्या स्वतःच्या गळ्यातून आजीचा आवाज निघाल्यासारखं झालं.

आता जे सांगायचं आहे ते मी फार लोकांना सांगितलेलं नाही. कार्डांचा ढीग साचला होता. सणाचे दिवस, रोज पन्नास-साठ यायची. एक कार्ड खाली राहिलं. त्यात एका मुलानं वडिलांच्या आवडीचं गाणं मागितलं होतं, वडील आजारी आहेत, दिवसभर रेडिओ उशाशी असतो असं लिहिलं होतं. कार्ड माझ्या हाताशी आलं तेव्हा त्यावरच्या शिक्क्याला तीन आठवडे झाले होते. मी तारीख पाहिली नाही. वडिलांचं नाव घेतलं आणि वर म्हटलं, आपण लवकर बरे व्हा, आम्ही सगळे आपल्यासोबत आहोत.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलगा होता. त्यानं सांगितलं, काल बाबांचा दहावा होता. घरात सगळे पाहुणे होते. रेडिओ चालू होता, कारण बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी काहीच बोलू शकले नाही. माफी मागायलाही आवाज फुटेना. तोच म्हणाला, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. बाबांचं नाव आलं तवा आई उठून रेडिओजवळ गेली. ते गाणं परत एकदा लावता का? नाव नका घेऊ. नुसतं गाणं.”

मी ते लावलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक कार्डाचा शिक्का आधी बघते, आणि आजारी माणसाचं कार्ड असेल तर ते सगळ्यात वर ठेवते, रस्त्याचा क्रम बाजूला ठेवून. आणि ‘आपण ऐकत असालच’ हे वाक्य मी कायमचं सोडून दिलं. कोण ऐकतंय, कोण नाही, हे माझ्या हातात नाही.

२१ मार्च २०२४, गुरुवार. सकाळच्या पहिल्या सभेची ड्युटी माझी होती. संकेतधून झाली, वंदे मातरम् झालं, भक्तिगीतं सुरू होती. सहा वाजून आठ मिनिटांनी खुर्ची हलली. समोरचा पाण्याचा पेला कंसोलवर किंचित सरकला. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला ते काय आहे हे विचारावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, विसर्जनाची रात्र उलटून चार वाजायला आले होते. भूकंप झाला ते किल्लारी आमच्यापासून दूर, तरी आमच्या घरातली भांडी वाजली होती. सकाळी रेडिओवर आकडे यायला लागले, आणि दर बातमीपत्राला ते वाढत गेले. मी तेव्हा शाळेत होते. त्यानंतर गावातली माणसं कित्येक रात्री अंगणात झोपली.

स्टुडिओतला फोन वाजायला लागला. बाळापूर, कळमनुरी, वसमत, सगळीकडून एकच प्रश्न. आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. खातरजमा झाल्याशिवाय उद्घोषकानं तो शब्द उच्चारायचा नसतो, आणि ते बरोबरच आहे. माईकवरून तो एक शब्द सुटला तर लोक लेकरं घेऊन पळत सुटतील. मी भक्तिगीत संपू दिलं. फेडर वर केला. माझे हात थरथरत होते, ते मांडीवर दाबून धरले. म्हटलं, “सहा वाजून तेरा मिनिटं झाली आहेत. ऐकू या पुढचं भक्तिगीत.” गायकाचं नाव, रचनाकाराचं नाव, रोजच्यासारखं. सहा एकोणीसला दुसरा धक्का बसला, आधीपेक्षा हलका. पुन्हा वेळ सांगितली. नंतर अधिकृत माहिती आली, पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६, केंद्र आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. मग ती सांगितली.

घरी आले तर गल्ली अजून बाहेरच बसलेली. शेजारची मामी म्हणाली, “आम्ही सगळे पटांगणात बसलोत आन् रेडिओ मधी ठुला. तू टाइम सांगायलीस, तवा म्हनलं, पोरगी तिथं बसलीय ना, मग हाय सगळं.” मी रोज वेळ सांगते. वेळ सांगण्यात इतकं काही असतं हे मला त्या दिवसाआधी ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५चा धक्का बसला. तेव्हा मी ड्युटीवर नव्हते, घरीच होते. सगळ्यांसोबत बाहेर पळाले, आणि कुणीतरी रेडिओ आणला. आमच्यातला एक सहकारी वेळ सांगत होता.

आता कार्डं कमी झाली. संदेश मोबाईलवर येतात, रोमन अक्षरांत, आणि त्यात गाव नसतं. मी विचारत राहते, गाव कोणतं? उत्तर येतं चाकण, हिंजवडी, भिवंडी. मी पुन्हा विचारते, मूळचं? मग येतं शेवाळा, वारंगा, डोंगरकडा. केंद्राचं प्रसारण आता मोबाईलच्या ॲपवर कुठंही लागतं, म्हणून कंपनीतल्या रात्रपाळीनंतर खोलीवर परतलेली आमची पोरं सकाळची सभा पुण्याकडं बसून ऐकतात. एकानं लिहिलं होतं, तुम्ही बाजारभाव सांगता तेव्हा घरी असल्यासारखं वाटतं. त्याच्याकडं विकायला काही नव्हतं. मी अशा मुलांची दोन्ही गावं घेते, आधी मूळचं.

माझ्या घरातल्या कुणाचंही नाव मी हवेत घेत नाही, हा माझा मीच घातलेला नियम. गावातल्या दहा जणी कार्डं टाकतात, त्यांच्या आधी माझ्या घरचं नाव गेलं तर ते शोभणार नाही. खूप वर्षांपूर्वी आईनं एकदा विचारलं होतं, “माझं कधी घेतीस?” मी तिला नियम समजावून सांगितला होता. तिनं मान हलवली आणि विषय संपला.

गेल्या दिवाळीनंतर एका ड्युटीला डोंगरकड्याचं एक कार्ड आलं. शाळकरी अक्षर. एका बाईचं नाव, ओळखीचं वाटलं नाही. आमच्या गावात आता बरीच बाहेरची कुटुंबं आली आहेत. जुनं भावगीत मागितलं होतं. रस्त्याच्या क्रमानं डोंगरकडा आलं, मी गावाचं नाव घेतलं, ते नाव घेतलं, गाणं लावलं. काही विशेष नाही.

दुपारी घरी आले. आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. माझी भाची तिच्याजवळ होती आणि उगीचच हसत होती. आईनं चहा टाकला. कसं झालं विचारलं, ते ती नेहमीच विचारते. मी जेवले, कपडे बदलले, झोपले.

संध्याकाळी मामाचा फोन आला, हदगावकडून. मामा आता ऐंशीचा आहे, त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो ओरडून बोलतो. त्यानं मला कोण, कुठं काही विचारलं नाही. सकाळी मी घेतलेलं ते नाव त्यानं घेतलं आणि विचारलं, “हाय का गं घरी?” लग्नात आमच्याकडं मुलीचं नाव बदलतात. आईचं बदललं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ते जुनं नाव मी लहानपणी आजोळी ऐकलेलं असणार.

मी फोन तसाच धरून उभी राहिले. आई आतून हात पुसत आली.